बोटभर जास्तीची नळी

वडील साठीचे, सिरोसिसने यकृत पार आक्रसलेलं. यकृताचं प्रत्यारोपण, देणारा मुलगा. त्याच्या यकृताचा उजवा भाग काढायचा, डावा त्याच्याकडे ठेवायचा. स्कॅनवरून त्याच्याकडे ३६ टक्के उरणार होतं. ३० च्या खाली उरत असेल तर आम्ही डोनर घेतच नाही.

काढलेला भाग, म्हणजे ग्राफ्ट, बेंचवर (बसवण्याआधी तो बर्फात तयार करायच्या टेबलावर) माझ्याकडे आला तेव्हा वजन भरलं ६२० ग्रॅम. वडील ७४ किलोंचे, म्हणजे त्यांच्या वजनाच्या ०.८४ टक्के. निदान एवढं हवंच, अशी ०.८ ची रेघ जेमतेम ओलांडली होती. एवढ्या ग्राफ्टमधला कुठलाच कोपरा निकामी होऊन चालणार नव्हतं.

यकृतातलं रक्त बाहेर नेणारी मधली शीर उजव्या-डाव्याच्या शिवेवरून जाते. ती कुणाकडे ठेवायची, हा जुना वाद. हाँगकाँगच्या सर्जननी १९९६ मध्ये मोठ्या माणसाला उजवा भाग बसवला, तेव्हा ती ग्राफ्टबरोबर घेतली होती. आम्ही बहुतेक वेळा डोनरकडेच ठेवतो आणि मला तेच पटतं. तो धडधाकट माणूस स्वतःच्या पायांनी चालत ऑपरेशन थिएटरमध्ये आलेला असतो. पण मग ग्राफ्टच्या पुढच्या हिश्श्यातल्या रक्ताला बाहेर पडायची वाट तुटते. तिथल्या पाचव्या आणि आठव्या सेगमेंटच्या (यकृताच्या क्रमांक दिलेल्या भागांच्या) शिरा कापलेल्या बाजूवर नुसती तोंडं उघडी टाकून राहतात. त्यांना बेंचवर कृत्रिम नळी जोडायची आणि नवी मधली शीर तयार करायची, हे माझं काम.

बर्फाच्या चुऱ्यात बोटं बधिर होत होती. पाचव्याची शीर सहा मिलिमीटर, आठव्याची पाच. दोन्ही जोडल्या, सिरिंजने द्राव सोडून पाहिला, थेंबही गळला नाही. वरचं टोक कापताना मनात आलं, कमी पडायला नको, आणि बोटभर जास्त ठेवलं. ते टोक वडिलांच्या मधल्या-डाव्या शिरेच्या खुंटाला शिवलं गेलं.

रक्त अडवून धरणारे क्लॅम्प सुटले. फिकट मातकट ग्राफ्ट बघता बघता गुलाबी झाला. पुढचा हिस्सा मात्र दोनेक मिनिटांत जांभळा पडला, हाताला टणक लागू लागला. मला वाटलं गुठळी. सरांनी यकृत हलकेच उचललं, तसा रंग निवळला. खाली ठेवलं, पुन्हा जांभळा.

"नळी दुमडतेय. किती ठेवली होतीस?"

"बोटभर जास्त, सर."

बेंचवर ग्राफ्ट रिकामा, चपटा पडलेला असतो. पोटात रक्त भरलं की तो फुगतो, उजवीकडे कलंडतो, आणि मोजलेली अंतरं बदलतात. हे मी वाचलं होतं, सांगितलंही होतं दुसऱ्यांना.

मुख्य उजवी शीर व्यवस्थित वाहत होती, त्यामुळे फक्त नळीला दोन क्लॅम्प लावून काम भागलं. दीड सेंटिमीटर कापली, टोकाला टोक पुन्हा शिवलं. सोळा मिनिटं. ॲनेस्थेटिस्ट मॅडम मधेच एकदा "काय चाललंय तिकडे?" म्हणाल्या, कुणी उत्तर दिलं नाही. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरवर आधी सपाट रेष होती, आता श्वासाबरोबर हलणारी लाट दिसली. जांभळा डाग कडेकडेने ओसरत गेला.

सिस्टरनी कापलेला तुकडा ट्रेमध्ये ठेवला होता. सरांनी तो बघितला, बोलले काहीच नाहीत. मायक्रोस्कोप जवळ ओढला. धमनी अडीच मिलिमीटरची होती, आणि त्यानंतर पित्तनलिकेची दोन तोंडं.

"बस इकडे," ते म्हणाले. "पहिला टाका तू घाल."