डोळे मिटून मोजलेला चौक

कॅलिफोर्नियातल्या एका लहान शहराच्या वाहतूक विभागात मी इंजिनिअर आहे. "आमच्या कोपऱ्यावर चारही बाजूंना स्टॉप साइन लावा," असे अर्ज सतत येतात. स्टॉप साइन म्हणजे रस्ता रिकामा असला तरी गाडी पूर्ण थांबवायला सांगणारी पाटी. बहुतेकांना आमचं उत्तर ठरलेलं: नाही.

चारही बाजूंना पाट्या कधी लावायच्या, याचे एमयूटीसीडी या अमेरिकेतल्या वाहतुकीच्या नियमपुस्तकात आकडेच दिलेत. मोठ्या रस्त्यावर आठ तास तरी ताशी सरासरी 300 गाड्या. आडव्या रस्त्यावर गाड्या, सायकली, पादचारी मिळून 200. किंवा पाट्या असत्या तर टळले असते असे 12 महिन्यांत 5 अपघात. नुसता वेग कमी करायला पाटी लावू नये, असंही त्यात आहे. विनाकारण थांबावं लागलं की लोक थांबणंच सोडतात, आणि थांबलेच तर पुढे गाडी हाणून वेळ भरून काढतात. सांगलीहून आलेली आई रिकाम्या चौकात मला म्हणायची, "काळं कुत्रं नाही रस्त्यावर, कुणासाठी थांबलीस?" पुस्तकाचं म्हणणंही साधारण तेच.

त्या मंगळवारी सकाळी असाच एक अर्ज घेऊन मी चौकात उभी होते. आडव्या रस्त्याला दोन पाट्या, मोठ्याला एकही नाही. तासाभरात मोठ्या रस्त्यावरून 94 गाड्या गेल्या. अर्ज फेटाळल्यातच जमा होता.

तेवढ्यात अर्जदार आले. सत्तरीचे गृहस्थ, हातात पांढरी काठी. म्हणाले, "मोजून झालं? आता डोळे मिटून मोजा."

मिटले. टायरचा आवाज यायचा, पण गाडी किती लांब आहे ते कळेना. एक विजेवरची गाडी समोरून गेल्यावरच समजली. मग शेजारच्या बागेत माळ्याने पानं उडवायचं यंत्र सुरू केलं आणि सगळंच बुडालं.

"पाटी असलेल्या रस्त्याचं ऐका," ते म्हणाले. ब्रेक लागायचा आणि लगेच इंजिन पुन्हा चढायचं. मधली शांतता नाहीच. डोळे उघडून पाहिलं, तर 22 पैकी फक्त 5 गाड्यांची चाकं पूर्ण थांबली.

मी म्हटलं, "मग चार पाट्या लावून काय उपयोग? लोक थांबतच नाहीत."

"नसू देत. घरंगळत येणारी गाडी मला बघून थांबते तरी. समोरून सुसाट जाणारीला मी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो."

इतकी वर्षं मी पाटीवर किती जण थांबतात एवढंच धरून बसले होते. न थांबणाराही कोपऱ्यावर किती हळू येतो, हे हिशेबात कधी घेतलंच नव्हतं. पुस्तकात इंजिनिअरच्या विवेकाला जागा आहे, ती मी क्वचितच वापरली होती.

यंत्र बंद होईपर्यंत ते फुटपाथच्या कडेला उभे राहिले. 11 मिनिटं. फॉर्मवर पादचाऱ्यांच्या रकान्यात ते 1 होते. ताटकळणाऱ्यासाठी रकाना नाही, म्हणून मी समासात '11 मिनिटे' लिहिलं आणि चारही बाजूंना पाट्यांची शिफारस केली.

दुपारी साहेबांनी पहिला प्रश्न समासाबद्दलच विचारला.