दीड कोटीची गाडी आणि स्पितीचे दगड: ग्राम्फू ते काझा

मनालीहून स्पितीतल्या काझाला निघालो होतो, वाटेतलं छत्रू सोडून अर्धा तास झाला असेल. मागून हॉर्न आला, दोन छोटे, एक लांब. थांबायची ही खूण आम्ही मनालीतच ठरवली होती. उतरून मागे गेलो तर मेहुणा डाव्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलेला. टायरच्या बाजूला, रिमच्या जरा वर, बोटभर लांबीची चीर पडली होती. आतले धागे दिसत होते. "दाजी, प्लग बसेल ना?" त्यानं विचारलं. जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला असता तर पाच मिनिटांत प्लग मारून निघालो असतो. बाजू फाटली की प्लगचा उपयोग नसतो.

त्याची गाडी परदेशी कंपनीची, ऑन रोड दीड कोटीच्या घरातली. डिझेल इंजिन, गाडीची उंची कमी-जास्त करणारं एअर सस्पेन्शन, चारही चाकांना ताकद, वजन सव्वादोन टनांच्या पुढे आणि २० इंची चाकं. लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर, नाही. माझी जिम्नी, मारुतीची छोटी फोर बाय फोर. ही महागडी गाडी स्पितीत टिकणार का, यावर पुण्यात निघायच्या आधी महिनाभर घरात चर्चा चालली होती आणि मी ठामपणे 'नाही' म्हणणाऱ्यांत होतो. आता तसं म्हणणार नाही. गाडी माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी चांगली निघाली. कमी पडले ते टायर, आणि आमची तयारी.

पुणे ते मनाली चार दिवस, सगळा हायवे. त्यावर मोठी गाडी म्हणजे सुखच, जास्त लिहीत नाही. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. मनालीहून पहाटे साडेचारला निघालो. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडला की लाहौल. कोकसरच्या पुढे ग्राम्फूला काझाचा रस्ता फुटतो. कागदावर तो राष्ट्रीय महामार्ग ५०५ आहे. प्रत्यक्षात बटलपर्यंत चंद्रा नदीच्या कडेनं दगडगोटे, मध्येच रस्तारुंदीकरणाचं काम आणि डोंगरावरून थेट रस्त्यात उतरणारे नाले. या नाल्यांना बर्फाचं पाणी असतं. रात्री थंडीनं वितळणं मंदावतं म्हणून सकाळी पाणी कमी, आणि ऊन चढेल तसं दुपारनंतर वाढत जातं. म्हणूनच पहाटेची घाई.

ती घाई त्या टायरनं वाया घालवली. त्या गाडीला पूर्ण मापाची स्टेपनी येत नाही, एक बारीक तात्पुरती येते. तिला ६० पीएसआय हवा लागते आणि ती किती आहे हे पुण्यात कुणी पाहिलंच नव्हतं. निम्मीच निघाली. सामान उतरवा, जॅकखाली सपाट दगड शोधा, माझ्या छोट्या कॉम्प्रेसरनं हवा भरा, यात दोन तास गेले. पुढे तासाला दहा-बारा किलोमीटरच्या वेगानं गेलो. छोटा दरा ओलांडून बटलच्या अलीकडच्या नाल्यावर पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. मी काठी घेऊन चालत पलीकडे गेलो. गुडघ्याच्या जरा वर पाणी, ओढ चांगली, मधोमध दोन मोठे धोंडे. आधी माझी जिम्नी घातली. मधोमध पोहोचल्यावर पाण्याच्या ओढीनं गाडी वीतभर बाजूला सरकली. सव्वा टनाच्या आसपासचं वजन, हलकेपणाचा तोटा असा तिथे कळतो. मग मेहुणा आला. एअर सस्पेन्शन सगळ्यात वर. पहिला धोंडा ओलांडताना पुढचं उजवं चाक हवेत, मागचं डावंही टेकलं न टेकल्यासारखं. हवेतलं चाक गरगर फिरलं, क्षणभर गाडी जागीच. मी ओरडलो, "सोडू नकोस, पाय दाबून धर." टक-टक-टक असा आवाज आला, म्हणजे कॉम्प्युटरनं फिरत्या चाकाला ब्रेक लावला आणि ताकद टेकलेल्या चाकाकडे गेली. गाडी हळूच धोंड्यावरून उतरली आणि बाहेर आली. पाण्यानं ती जागची हलली नाही.

हे त्या क्षणी पाहिलं म्हणून इतकं सविस्तर लिहितोय. चाक फिरायला लागलं की बहुतेक जण घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात. सोडला की सिस्टिमला काम करायला संधीच मिळत नाही. दुसरं, ही ब्रेकवर चालणारी पद्धत आहे, दोन्ही चाकांना एकत्रच फिरायला लावणाऱ्या खऱ्या डिफरन्शियल लॉकची बरोबरी ती करत नाही. अर्धा तास सतत वापरली तर ब्रेक तापतात. तिसरी गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही: एअर सस्पेन्शन पूर्ण वर नेलं की चाकांना आणखी खाली जायला जागा उरत नाही. पोट दगडाला लागत नाही, पण चाकं लवकर हवेत जातात आणि गाडी कडक आपटते. आम्ही नंतर फक्त धोंड्यांपुरतीच उंची वाढवत होतो.

सगळ्या महाग एसयूव्ही एका मापानं मोजू नयेत. डिफेंडर ११०ला लो रेंज आहे, आणि कंपनीनं दिलेली पाण्यात उतरायची मर्यादा ९०० मिलिमीटर. जी-क्लासला पुढे, मध्ये, मागे असे तीन डिफरन्शियल लॉक. या गाड्या मुळात त्याच कामासाठी बांधल्यात. बाकीच्या बऱ्याच गाड्या उत्तम रस्त्यासाठी बांधून वर खडबडीत रस्त्याची सोय जोडलेल्या आहेत. स्पितीच्या रस्त्याला तेवढी सोय पुरते, एवढं मी आता खात्रीनं सांगतो. मात्र ९०० चा आकडा साठलेल्या पाण्यासाठी धरा. वाहत्या नाल्यात गुडघ्यावर पाणी आलं की मी कुठलीही गाडी घालण्याआधी विचार करीन. आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट घेतलंय का ते निघण्याआधी बघा. साध्या पॉलिसीत पाण्यानं गेलेल्या इंजिनाचे पैसे सहसा मिळत नाहीत.

रात्र बटलच्या ढाब्यावर काढली. दुसऱ्या दिवशी कुंझुम खिंड, साडेचार हजार मीटरच्या वर. इथे माझी गाडी दमली. हवा दाबून भरणारा टर्बो नसलेल्या इंजिनाची त्या उंचीवर तिसरा हिस्सा तरी ताकद जाते, वळणावर मला लो रेंज टाकावी लागली. मेहुण्याचं टर्बो डिझेल आरामात चढलं. वर कुंझुम देवीला प्रदक्षिणा घालून पुढे गेलो. एक लक्षात ठेवा, बाहेरचा दाब कमी झाल्यानं टायरचं रीडिंग वाढतं. मनालीत भरलेली हवा कुंझुमवर थंडी धरूनही एक-दोन पीएसआय जास्त दाखवत होती. दगडांवर आम्ही २८ ठेवली. त्याहून खाली आणली तर टायर फुगून बाजू बाहेर येते आणि दगडाच्या धारेला सापडते. बुटक्या बाजूच्या टायरला तर ते अजिबात परवडत नाही.

लोसारच्या चौकीवर नोंद करून काझाला पोहोचलो. मनाली सोडल्यावर या वाटेवर पहिला पंप काझालाच, म्हणून टाकी मनालीत भरा. पंक्चरवाला चांगला भेटला, पण २० इंची टायर काझात कुठून मिळणार? चंदीगडहून मागवला, तिसऱ्या दिवशी आला. तोवर हिक्कीम, कोमिक, चिचमचा पूल, सगळीकडे चौघं जिम्नीत दाटीवाटीनं.

तेव्हा अशी गाडी असेल तर निघण्याआधी १८ इंची चाकं बसतात का ते विचारा. मोठे ब्रेक असलेल्या काही मॉडेल्सना ती बसत नाहीत, रिम ब्रेकला घासतं. बसत असतील तर जाड बाजूचे ऑल टेरेन टायर घाला. नसतील तर पूर्ण मापाचं एक चाक टपावरच्या कॅरिअरवर बांधून न्या, नाहीतर आत ठेवा, मागची सीट गेली तरी चालेल. बीएस-सहा डिझेलला ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारा द्रव, लागत असेल तर त्याचा कॅन सोबत हवाच. आणि दिवसभर रांगत गेल्यानं डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीनं भरतो. मेहुण्याच्या गाडीत दिवा लागला तो लोसार-काझाच्या चांगल्या रस्त्यावर वीस मिनिटं एका वेगानं चालवल्यावर गेला.

येताना चंद्रतालला गेलो. बटलजवळून आत फुटणारा तो चौदाएक किलोमीटरचा रस्ता एका गाडीपुरताच आहे, सकाळी सातच्या आत निघालात तर बरं. आम्हाला उशीर झाला आणि समोरून तळ्याकडून परतणाऱ्या गाड्यांची रांग आली. मेहुण्याला शंभरेक मीटर रिव्हर्स घ्यावं लागणार होतं, दरी डाव्या हाताला. मी उतरून आधी त्याच्या मागच्या आणि आरशाखालच्या कॅमेऱ्यावरचा चिखल ओल्या फडक्यानं पुसला. मग तो पडद्यावर चाक बघत बघत मागे आला, कडेपासून वीतभर आत, एकदाही न थांबता.