हॉर्सफिल्ड कासवाचे घर: टाकीपासून वाफ्यापर्यंतच्या नोंदी

पहिला आठवडा. हॉर्सफिल्ड हे मध्य आशियातले, जमिनीवर राहणारे लहान कासव. माझ्याकडच्याच्या कवचाची लांबी 14 सेंटीमीटर, वजन 612 ग्रॅम. कासवासोबत विक्रेत्याने 90 × 45 सेंटीमीटरची काचेची टाकी दिली आणि ‘एवढी जागा त्याला पुष्कळ झाली’ असे सांगितले. तीन दिवस मी केवळ निरीक्षण केले. सकाळी उष्णतेचा दिवा लागल्यावर अर्धा तास त्याखाली ऊन खाऊन झाले की ते समोरच्या काचेशी येई, नाक काचेला टेकवून पुढच्या पायांनी खरवडत डावीकडून उजवीकडे जाई आणि कोपरा आला की तसेच परत फिरे. काच म्हणजे अडथळा हे त्याला उमगत नाही, कारण पलीकडचे त्याला स्पष्ट दिसत असते. टाकीच्या खालच्या 15 सेंटीमीटरपर्यंत बाहेरून तपकिरी कागद चिकटवल्यावर दुसऱ्याच दिवशी खरवडणे बरेच कमी झाले. त्याला पाहण्याची हौस माझी होती आणि तिचा त्रास त्याला होत होता.

तिसरा आठवडा. कागदाने नजर अडली, पण उष्णतेचा प्रश्न तसाच राहिला. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले तेव्हा दिव्याखाली 34 अंश सेल्सिअस होते, तर दुसऱ्या टोकाला, जिथे 20 ते 24 अंश असायला हवेत, तिथे 29. कासवाला शरीराचे तापमान जागा बदलूनच राखता येते. एवढ्याशा बंदिस्त जागेत त्याने जायचे तरी कुठे? टाकी बाद करण्यामागचे माझे मुख्य कारण हेच आहे. काच वाईट असते असे नव्हे, तर सहज मिळणाऱ्या आकारात गरम आणि थंड टोकांमध्ये पुरेसे अंतर पडत नाही. दिवसभर दमट आणि उबदार हवा लागणाऱ्या पिल्लांसाठी बंद पेटीच बरी, हेही येथे नमूद करायला हवे. 2003 मध्ये सल्काटा या आफ्रिकी कासवाच्या पिल्लांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे येण्यामागे आहारातील प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा हात मोठा असल्याचे त्यात आढळले होते.

चौथा आठवडा. पूर्ण वाढलेल्या एका हॉर्सफिल्डसाठी 240 × 120 सेंटीमीटर हे माप अनुभवी मंडळी सांगतात. एवढा सरळ आयत माझ्या खोलीत बसत नव्हता. अखेरीस 240 × 80 चा मुख्य भाग आणि त्याला काटकोनात 120 × 80 चा हात असा आराखडा केला. दोन्हींचे क्षेत्रफळ मिळून तेवढेच, म्हणजे 2.88 चौरस मीटर भरते. उतरण करून वर दुसरा मजला काढण्याचा मोह झाला होता, पण उंचीवरून घसरून उलथणारे कासव आणि वरून खाली पोहोचणारा दिवा यांचा विचार करून तो बेत सोडला.

पाचवा आठवडा. मूळ कल्पना पायांवर उभ्या असलेल्या लाकडी टेबलाची होती आणि ती कागदावरच कोसळली. हे कासव बीळ खणणारे असल्याने मला सर्वत्र 12 सेंटीमीटर माती हवी होती. तेवढी माती साधारण 0.35 घनमीटर होते आणि ओलसर असताना तिचे वजन सहज चारशे किलोंच्या वर जाते. म्हणून पाय काढून टाकले, प्लायवुडची चौकट थेट जमिनीवर ठेवली आणि थंडी वर येऊ नये यासाठी तळाला उष्णतारोधक फोम घातला. आतल्या बाजूला तळ्यासाठी वापरतात ते जाड रबरी अस्तर. खोल माती फक्त 60 × 60 च्या एका कप्प्यात, 25 सेंटीमीटरपर्यंत. उरलेल्या भागात पाच सेंटीमीटर. मिश्रणात साधी, खत न घातलेली माती साठ टक्के आणि बाकी धुतलेली वाळू. देवदार किंवा पाइनचा भुसा मात्र वापरू नये, कारण त्यातून सुटणारी द्रव्ये श्वसनमार्गाला त्रासदायक ठरतात.

सहावा आठवडा. दिव्यांवर सर्वाधिक वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. डी-3 जीवनसत्त्व त्वचेत तयार होण्यासाठी लागणारे यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांपैकी एक प्रकार, साध्या खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे खिडकीजवळचे ऊन हिशेबात धरू नये. मी हे किरण देणारी टी-5 प्रकारची, म्हणजे बारीक ट्यूबलाइटसारखी, 60 सेंटीमीटरची नळी उष्णतेच्या दिव्याला लागूनच बसवली, कारण कासव ऊन खायला जिथे थांबते तिथेच दोन्ही मिळायला हवीत. मोजमाप जमिनीपाशी न घेता कवचाच्या उंचीवर घेतले: तापमान 33 अंश, यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांच्या तीव्रतेचे माप) 3.4. मध्ये जाळी धरताच निर्देशांक लक्षणीय घसरला, म्हणून नळीखाली जाळी ठेवलेली नाही. नळी डोळ्यांना उजळ दिसत राहिली तरी यूव्हीबी हळूहळू कमी होत जाते. तेव्हा बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहिली आहे.

सातवा आठवडा. माझी चूक. लपायचे लाकडी घरटे मी कोपऱ्याला टेकवून ठेवले होते. संध्याकाळी पाहतो तर कासव घरट्याच्या छपरावर चढून मागच्या पायांवर उभे, पुढची नखे भिंतीच्या काठावर. मी पुढे होईपर्यंत ते मागे कलंडले आणि दिव्यापासून हातभर अंतरावर उताणे पडून पाय हलवू लागले. तापलेल्या दिव्याखाली असे पडून राहिलेले कासव थोड्या वेळात दगावू शकते. मातीच्या वर भिंत 30 सेंटीमीटर, म्हणजे कवचाच्या दुपटीहून अधिक होती, पण घरट्याने तिची उंची निम्म्याने खाल्ली. आता घरटे मधोमध आहे आणि प्रत्येक आतल्या कोपऱ्यात तिरकी फळी ठोकली आहे, कारण दोन भिंतींत पाय रोवून चढायला त्याला काटकोनच लागतो.

नववा आठवडा. वरून उघडी रचना लवकर कोरडी पडते. खोल कप्प्यात एक दिवसाआड पाणी ओतले की वरचा थर सुकला तरी खालची माती ओली राहते. घरट्यातील हायग्रोमीटर (हवेतील आर्द्रता मोजणारे उपकरण) 72 टक्के दाखवतो. परवा सकाळपासून कासव दिसेना. काल दुपारी कप्प्यातली माती किंचित हलली, आधी एक पाय आणि मग मातीने माखलेले डोके बाहेर आले, आणि ते थेट दिव्याखाली जाऊन बसले. वजन 621 ग्रॅम. पुढचे काम दिव्यांच्या आडव्या दांड्याचे आहे. तो सध्या दोन खुर्च्यांवर टेकवलेला आहे.