आमची वाटचाल: सात पावलं आणि दहा ट्रॉल्या

भोसरी एमआयडीसीत भाड्याचा अर्धा गाळा, एक वेल्डिंग मशीन, एक पिलर ड्रिल. सुरुवातीची काही वर्षं फॅब्रिकेशनची मिळतील ती कामं केली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरं काम शिकवलं ते तीनचाकीच्या असेंब्ली लाइनवरच्या एका सुपरवायझरने. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मला बोलावलं होतं रॅकचं माप घ्यायला. काका म्हणाले, "माप राहू दे, आधी तासभर त्या पोराकडे बघ." मागच्या ॲक्सलचं स्टेशन. पोरगा मूठभर बोल्ट आणायचा, चार लावायचा, उरलेले खिशात. वॉशर राहिला की पुन्हा रॅककडे. सात पावलं जायची, सात यायची. शिफ्ट 480 मिनिटांची. जेवणाची 30 आणि दोन चहांची 20 गेली की उरतात 430. 86 गाड्या काढायच्या तर दर 5 मिनिटांना एक. हात चलाख होते पोराचे; वेळ चालण्यात जात होता.

मग ट्रॉली केली, गाडीबरोबर सरकणारी. एका गाडीला लागतात तेवढेच बोल्ट, ट्रे पुढे कललेला, टॉर्क रेंचला (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) उजव्या हाताशी खाच. ट्रेमध्ये बोल्ट उरला की समजायचं, कुठेतरी लावायचा राहिला. (नव्या मुलांनो, स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या पाठीशी उभे राहू नका. आधी त्याला विश्वासात घ्या, नाहीतर तो मुद्दाम सावकाश करतो आणि तुमचं गणित बोंबलतं.)

दहा ट्रॉल्यांची ऑर्डर तोंडी पक्की. आम्ही पाइप कापून बसलो, आणि कंपनीच्या पर्चेसने, म्हणजे खरेदी विभागाने, आमचंच ड्रॉइंग दुसऱ्याला दिलं. त्याने दर पाडला. आधीच्या रॅकचं बिलही अडकलेलं. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचे, असा 2006 चा कायदा आहे. पण ज्याला पुढचं काम हवं तो कायदा कशाला काढतोय! पगारासाठी बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी एकटाच गाळ्यात बसून कापलेले पाइप मोजले.

त्या दुसऱ्याच्या ट्रॉलीची चाकं हलकी, फरशीच्या सांध्यात अडकायची. ट्रे सपाट, बोल्ट मागे जाऊन बसायचे. पोरं परत रॅककडे चालायला लागली. काकांचा फोन आला, "ये बाबा, चाकं बदलून दे."

दहाही ट्रॉल्यांना पॉलियुरेथेनची चाकं लावली, ट्रे कलते केले. डिलिव्हरी चलनावर, म्हणजे मालाबरोबरच्या कागदावर, लिहिलं, 'दुरुस्ती. मूळ डिझाइन आमचेच.' ती ओळ काढून नवं चलन द्या, असं पर्चेसचं म्हणणं. दिलं नाही. बिल लटकलं ते लटकलंच. चलनाची कॉपी मात्र काकांनी सहीशिक्क्यानिशी मला आणून दिली.