तुपवाल्याने झेरॉक्स मागितली

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका सुपरमार्केटात मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. त्याआधी अंबडच्या एका कंपनीच्या गेटवर अकरा वर्षं काढली. तिथे सोपं होतं, गेटपास नसेल तर आत सोडायचं नाही. दुकानाचं तसं नसतं. शटर वर गेलं की सगळ्या गावाला आवतण. त्यातून एकाच माणसाला वगळायचं कसं, ते मला 2024 च्या दिवाळीत कळलं.

त्याला आमची पोरं तुपवाला म्हणायची. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. अर्ध्या लिटरच्या तुपाच्या बरण्या पिशवीत तळाशी घालून निघताना दोनदा सापडला होता. दोन्ही वेळा माल काढून घेतला, पुन्हा पाऊल ठेवायचं नाही असा दम दिला आणि सोडला. शेठला पोलीस स्टेशनच्या खेपा नको होत्या. चूक तिथेच झाली, कारण कागदावर तो कधी चोर ठरलाच नाही. आमच्या कॅमेऱ्यांचं डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांत पुसलं जातं, तेही गेलं. उरला तो काउंटरमागे चिकटवलेला त्याचा फोटो.

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. दुकानात मुंगी शिरायला जागा नाही. मी पार्किंगमध्ये गाड्या लावून घेत होतो, तेवढ्यात वरून फोन आला. जाऊन बघतो तर पोरांनी तुपवाल्याला गोडाऊनमध्ये घालून शटर ओढलेलं.

"सर, धरला!"

"काय घेतलं त्याने?"

दोघंही गप्प. टोपलीत अर्धा किलो रवा होता आणि तो साखरेच्या रॅकपाशी उभा होता, एवढंच.

शटर उघडलं. तो पोत्यावर निवांत बसलेला. म्हणाला, "साहेब, वीस मिनिटं कोंडलंय मला. आता सांगा, केस कोणावर होते?"

खरं सांगतो, मला घाम फुटला. माणूस चोर असेल, पण बरोबर बोलत होता. साध्या नागरिकालाही आरोपी पकडता येतो, पण त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, आणि बिनजामिनाचा गुन्हा घडला असेल तर. आणि मग उशीर न लावता, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. टोपलीत रवा घेऊन उभं राहणं हा कुठला गुन्हा? माणसाला कोंडणं मात्र नक्की गुन्हा.

112 ला फोन केला. तासाभराने आम्ही सगळे पोलीस स्टेशनात, ठाणे अंमलदारासमोर.

"चोरी केली का?"

"आज नाही."

"मग लिहू काय?"

"सर, येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी आला."

"लेखी?"

"तोंडी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग वैतागून का होईना, पण नीट समजावलं. जुन्या सवयीने आधी "चारशे अठ्ठेचाळीस" म्हणाले, मग स्वतःच दुरुस्त केलं. 1 जुलैपासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली होती आणि कलम आता 329. माल ठेवायची इमारतही त्यात येते, म्हणून दुकानात घुसणं हे गृहअतिक्रमण होऊ शकतं. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड हजाराचा होता. "पण नुसतं पाऊल टाकलं म्हणून होत नाही," ते म्हणाले. "गुन्हा करायचा, धमकवायचा, अपमान करायचा नाहीतर त्रास द्यायचा हेतू लागतो. तो तुम्ही दाखवणार कसा? आधी लेखी द्या, सही घ्या, साक्षीदार ठेवा. तरी आला तर बाहेर जा म्हणा. नाही हलला की आम्हाला बोलवा. आणि गोडाऊन रव्यासाठी ठेवा."

मी तडीपारीचं विचारलं. ते हसलेच. "दोन बरण्या तुपासाठी? त्याला प्रस्ताव वर डीसीपी साहेबांकडे जातो, नावावर दाखल गुन्हे लागतात. तुम्ही एक तरी दाखल केलाय?"

शेवटी त्याने तक्रार द्यायची नाही आणि आम्हीही नाही, असं ठरलं. तिथल्याच बाकावर बसून मी पत्र लिहिलं: आपणास आमच्या कॉलेज रोड येथील दुकानात प्रवेश करण्यास मनाई करण्यात येत आहे. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं, सही ठोकली आणि म्हणाला, "मला पण एक झेरॉक्स द्या." झेरॉक्सचे दोन रुपये मीच दिले.

त्यानंतर तो आमच्याकडे फिरकला नाही. पोरांना वाटलं, पत्राचा धाक बसला. मलाही तसंच वाटलं.

जानेवारीत आमच्या सिडकोच्या शाखेतून मॅनेजरचा फोन आला. "अहो, तो तुमचा फोटोतला माणूस इथे आलाय. जा म्हटलं तर खिशातून कागद काढून दाखवतो. म्हणतो, यात कॉलेज रोड लिहिलंय, सिडको कुठे आहे ते दाखवा."

"हातात काय आहे त्याच्या?"

"अर्धा लिटर तूप."

"पिशवी बघा."

"बघितली. बिल केलंय त्याने."