गाल वर आले म्हणे

"वैनी, गाल वर आले की! सुधारली बघा तब्येत." अक्का दारातूनच म्हणाली आणि दिवसभर ते वाक्य घशात अडकून बसलंय. चांगलंच बोलली बिचारी. मग एवढं का लागावं?

तेज तब्येतीचं नाही, डेक्साचं आहे, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळीचं. फुप्फुसाच्या कॅन्सरवर पेमेट्रेक्सेड हे किमोचं औषध चालू असलं की किमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ही गोळी असते, बहुधा 4 मिलिग्रॅम दोन वेळा. चेहरा लालसर होतो, भूक खवळते, रात्री डोळा लागत नाही. (दुसरी गोळी रात्रीऐवजी दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. झोपेत फरक पडतो.) गोळी संपली की किमोच्या चौथ्या-पाचव्या दिवशी माणसाचं चरकातून निघालेलं चिपाड होतं. त्या दिवशी कुणी दार वाजवत नाही.

ईजीएफआरची गोळी (कॅन्सरच्या पेशीतल्या ईजीएफआर नावाच्या जनुकातल्या बदलावर नेमकी चालणारी) चालू असलेल्यांचं उलटं. त्यांच्या तोंडावर पुरळ येतं आणि लोकांना वाटतं आजार वाढला. तो औषधाचा परिणाम असतो. त्यावर मुरुमांची क्रीम लावली तर कातडी आणखी कोरडी पडते. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं, उन्हात जाताना सनस्क्रीन आणि डोक्यावर पदर. म्हणजे त्यांचाही चेहरा खोटंच बोलतो.

विडी-सिगारेट ओढत होता का, हा प्रश्न आज कुणी विचारला नाही. तेवढं बरं. त्यावर पुन्हा कधी.

किमोच्या सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात. वरून काहीच दिसत नाही. ताप 100.4 फॅरेनहाइटला टेकला की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. गाडीवरची भेळ, बाहेरची कापलेली फळं, मिसळीवरचा कच्चा कांदा या दिवसांत बंद. पांढरा रस्सा चालतो, ताजा, उकळता, मिरची न घालता. तांबड्याकडे बघायचंही नाही, तोंड सोललेलं असतं. लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा चुळा भरायच्या. जेवताना तोंडाला लोखंडासारखी चव आली तर स्टीलचा चमचा बदलून लाकडी घ्यायचा. पेमेट्रेक्सेडबरोबरची फॉलिक ॲसिडची गोळी किमोचीच एक बाजू आहे, कुठलं तरी टॉनिक समजून तिला सुट्टी द्यायची नाही. बी-12 चं इंजेक्शन दर नऊ आठवड्यांनी. उलटीची ऑन्डानसेट्रॉन पोट बांधते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध दुसऱ्याच दिवशी मागून घ्यायचं, पाचव्या दिवशी रडत नव्हे.

आणि दम. गाल वर आले तरी जिना तोच असतो. नाकानं दोन मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत सोडायचा, आणि पायरी चढायची ती श्वास सोडताना. लोक नेमकं उलटं करतात, श्वास रोखून चढतात आणि वर जाऊन धापा टाकतात. छोटा बॅटरीचा पंखा गालांवर आणि नाकाजवळ धरला की जीव घाबरा होणं कमी होतं. हात डोक्यावर नेले की दम जास्त लागतो, म्हणून वेणी घालताना कोपरं टेबलावर टेकवायची. अंघोळीला स्टूल. मिरचीच्या फोडणीला स्वयंपाकघरातून बाहेर. जोतिबाच्या यात्रेतला गुलाल यंदा लांबूनच. खोकल्यातून चमचाभर जरी रक्त पडलं तरी घरी थांबायचं नाही.

हे सगळं अक्काला सांगायला हवं होतं का? तिनं विचारलं नव्हतं. माझाच मेला कढ. पाचव्या दिवशी आली असती तर घाबरली असती, रडली असती, आणि तिच्यासाठी चहा मलाच टाकावा लागला असता. त्यापेक्षा पाहुण्यांना किमोचा दुसरा दिवसच ठरवून द्यावा. तेज बघा, रस्सा ठेवा, जा. सर्दी असेल तर तेही फोनवरच.

पण एक लक्षात आलं आणि जरा हसूच आलं. डॉक्टरही आपल्याला नेमके तेव्हाच बघतात. एकविसावा दिवस उलटलेला, पेशी वर आलेल्या, डेक्सा पोटात. त्यांनाही गालच दिसणार. तेव्हा वहीला पर्याय नाही. रोज एक ओळ: ताप किती, पोट साफ झालं का, किती पायऱ्यांवर थांबावं लागलं, झोप किती तास, वजन आठवड्यातून एकदा. पाचव्या दिवसाचं पान दुमडून ठेवायचं आणि खुर्चीवर बसल्या-बसल्या तेच पुढे करायचं, "कशा आहात?" विचारायच्या आत.