आधी साल, मग गोष्ट

भूशास्त्राच्या इतिहासावर लिहू लागलो त्या पहिल्या वर्षात मी एका लेखात ठामपणे लिहून टाकले होते की, भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांचे पृथ्वीच्या वयाचे गणित चुकले ते त्यांना किरणोत्सर्गाची माहिती नसल्यामुळे. हे वाक्य नेमके कुठून उचलले ते आता आठवत नाही, पण त्यासाठी फार शोधाशोध करावी लागली नसणार, कारण बहुतेक पाठ्यपुस्तकांत ते याच शब्दांत भेटते. लेख छापून आल्यानंतर मी केल्व्हिन यांचा मूळ निबंध वाचायला घेतला. आधी वाचायचे आणि मग लिहायचे, एवढी साधी गोष्ट मी उलटी केली होती.

केल्व्हिन, म्हणजे तेव्हाचे विल्यम थॉमसन, यांनी १८६२ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेले गणित आजही बैठक मारून समजून घेण्यासारखे आहे. पृथ्वी प्रारंभी वितळलेल्या खडकाइतकी, सुमारे ७,००० अंश फॅरनहाइट, तापलेली होती असे त्यांनी धरले. खाणीत खाली उतरताना दर ५० फुटांना साधारण १ अंश फॅरनहाइटने तापमान वाढते, हे मोजलेले होते. मूळची तप्त पृथ्वी निवत निवत या तापमानवाढीपर्यंत येण्यास किती काळ लागेल, हा प्रश्न त्यांनी सोडवला आणि ९.८ कोटी वर्षे हे उत्तर काढले. मोजमापांतील अनिश्चितता धरून २ कोटी ते ४० कोटी वर्षे अशी मर्यादाही सांगितली. गणितात चूक नाही. सगळा भार आहे तो एका गृहीतकावर: पृथ्वीच्या आतली उष्णता केवळ वहनाने, म्हणजे पदार्थ जागचा न हलता, बाहेर येते आणि आतला पदार्थ सर्वत्र सारख्याच प्रमाणात उष्णता वाहून नेतो.

या गृहीतकावर बोट ठेवले ते एकेकाळी केल्व्हिन यांचेच साहाय्यक असलेल्या जॉन पेरी यांनी, जानेवारी १८९५ मध्ये, ‘नेचर’ नियतकालिकात. आतला भाग वरच्या थरापेक्षा अधिक सहजपणे उष्णता वाहून नेत असेल, किंवा तिथे द्रवाप्रमाणे अभिसरण, म्हणजे तप्त पदार्थाचे वर-खाली फिरणे, चालू असेल, तर खोलवरचा साठा पृष्ठभागाजवळच्या थराला सतत उष्णता पुरवत राहील आणि खाणीत दिसणारी तापमानवाढ कोट्यवधी नव्हे, अब्जावधी वर्षांनंतरही टिकून असेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. बेकेरेल यांना किरणोत्सर्गाचा शोध लागला तो १८९६ मध्ये, आणि रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य सतत उष्णता देत राहते हे मोजले गेले १९०३ मध्ये. म्हणजे केल्व्हिन यांच्या गणितातील खरी फट किरणोत्सर्ग माहीत होण्यापूर्वीच छापील स्वरूपात दाखवून झाली होती. शिवाय किरणोत्सर्गाची उष्णता केल्व्हिन यांच्या मूळ गणितात नुसती मिळवली, तर उत्तर फारसे हलत नाही. ते हलते ते आतल्या अभिसरणाने. तरीही पेरी मागे पडले, याचे एक कारण मला कथेच्या गोडीत दिसते. १९०४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वृद्ध केल्व्हिन समोर बसलेले असताना तरुण भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांनी किरणोत्सर्ग आणि पृथ्वीचे वय यांवर दिलेल्या व्याख्यानाचा प्रसंग खुद्द रदरफर्ड यांनीच पुढे खुमासदारपणे सांगितला. पेरींच्या समीकरणांचा त्यापुढे काय पाड लागणार?

त्या फजितीनंतर मी वहीत तीन रकाने आखले: कधी पाहिले, कधी बोलून दाखवले आणि कधी छापले. भूशास्त्राच्या इतिहासात या तीन वर्षांची गल्लत इतकी सर्रास होते की, रकाने भरू लागताच ओळखीच्या कथा उलट्या होतात. अठराव्या शतकातील स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांचेच पाहा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकर पॉइंट येथे करड्या खडकाचे उभे थर आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर टेकलेले तांबड्या वालुकाश्माचे सौम्य उताराचे थर पाहून त्यांना पृथ्वीच्या अफाट प्राचीनतेचा साक्षात्कार झाला, असे सांगितले जाते. पण त्यांचा सिद्धांत एडिंबरात वाचला गेला तो १७८५ मध्ये, आणि प्लेफेअर व जेम्स हॉल या मित्रांसह होडीतून ते सिकर पॉइंटला गेले १७८८ मध्ये. ग्लेन टिल्ट या स्कॉटलंडमधील दरीतील ग्रॅनाइटच्या शिराही त्यांनी व्याख्यानानंतरच पाहिल्या. ज्याचे अनुमान आधी केले होते ते शोधायला ते निघाले होते आणि ते त्यांना सापडले. माझ्या मते ही हकिगत साक्षात्काराच्या कथेपेक्षा कितीतरी सरस आहे. हटन यांच्या ग्रंथाचे दोन खंड १७९५ मध्ये आले, तिसऱ्याचा उपलब्ध भाग १८९९ मध्ये, आणि त्यांच्यासाठी काढलेली कित्येक चित्रे तर थेट १९६८ मध्ये हाती लागली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाने वाचलेले हटन आणि आपल्याला उपलब्ध असलेले हटन एकच नव्हेत.

शब्दांचेही साल पाहावे लागते. ‘एकरूपतावादी’ (आजच्यासारख्याच संथ प्रक्रियांनी पृथ्वी घडली असे मानणारे) हटन विरुद्ध ‘आपत्तिवादी’ (अचानक आलेल्या मोठ्या उलथापालथींनी घडली असे मानणारे) फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिए अशी झुंज आपण लावून देतो, पण या दोन्ही पक्षांना ही नावे दिली ती इंग्रज विद्वान विल्यम ह्यूएल यांनी १८३२ मध्ये, भूशास्त्रज्ञ लायल यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाचे परीक्षण करताना. तोपर्यंत हटन यांना जाऊन पस्तीस वर्षे झाली होती.

छापील वस्तूचे एक साल असते, हा समज माझ्यापुरता इंग्रज भूशास्त्रज्ञ विल्यम स्मिथ यांच्या खडकांच्या थरांच्या नकाशाने मोडला. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा हा १८१५ चा नकाशा पंधरा तुकड्यांत छापलेला असून जोडल्यावर अडीच मीटरहून उंच होतो. रंग मात्र हाताने भरलेले आहेत. जवळून पाहिले तर प्रत्येक थराचा रंग तळाच्या रेषेशी गडद आणि वरच्या बाजूला फिकट होत गेलेला दिसतो, त्यामुळे कोणता थर कोणाच्या खाली जातो हे सपाट कागदावरही चटकन कळते. सुमारे ४०० प्रती निघाल्या आणि त्या तयार होत असतानाच स्मिथ सीमारेषा सुधारत राहिले, त्यामुळे एक प्रत दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. ‘१८१५ च्या नकाशात असे आहे’ असे लिहिण्याआधी कोणत्या प्रतीत, हे विचारणे भाग पडते.

संग्रहालयांतील नमुन्यांबाबत प्रश्न सालाचा कमी आणि नावाचा अधिक असतो. इंग्लंडमधील जीवाश्मशोधक मेरी ॲनिंग यांना १८२३ मध्ये प्लेसिओसॉर या लुप्त सागरी सरीसृपाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सापडला. पुढच्या वर्षी भूशास्त्रज्ञ कॉनिबेअर यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याचे वर्णन केले, त्यात ॲनिंग यांचा उल्लेख नव्हता. नमुन्याच्या चिठ्ठीवर विकत घेणाऱ्याचे किंवा दान देणाऱ्याचे नाव टिकते, कड्याखाली चिखलात उभे राहून तो खणून काढणाऱ्याचे बहुधा टिकत नाही. स्त्रियांना त्या सोसायटीचे सदस्यत्व मिळाले ते १९१९ मध्ये.

वहीत चौथा रकाना मात्र मला अलीकडेच आखावा लागला. समुद्रतळावरील चुंबकीय पट्टे म्हणजे तळ पसरत असताना उलटसुलट होणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची नोंद आहे, हा विचार व्हाइन आणि मॅथ्यूज या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी सप्टेंबर १९६३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. कॅनडाचे लॉरेन्स मोर्ले यांनी तोच विचार त्याच वर्षी, त्यांच्या आधी, ‘नेचर’कडेच पाठवला होता. तो परत आला. मग त्यांनी दुसऱ्या नियतकालिकाकडे पाठवला, तिथूनही नकार आला. पाहिले, बोलले, छापले या तिन्ही रकान्यांत मोर्ले धड कुठेच बसेनात, म्हणून उजवीकडच्या समासात जागा काढून ‘लिहिले, पण छापले गेले नाही’ असा मथळा दिला आणि त्याखाली पहिली नोंद केली: मोर्ले, १९६३, दोनदा परत.